दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेतील उतारे आणि लेखन: गुण नेमके कोठे जातात?

मुठेकाठची आई

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत असून, पूर्वपरीक्षेत तिला इंग्रजीच्या (तृतीय भाषा) लेखी कृतिपत्रिकेत ८० पैकी ४४ गुण मिळाले आहेत. शाळेने उत्तरपत्रिका पालकांना पाहण्यासाठी दोन दिवस घरी दिल्या होत्या, त्यामुळे मी आणि ती स्वयंपाकघरातील टेबलावर बसून प्रत्येक विभागाचा हिशेब मांडू शकलो. व्याकरणाच्या पहिल्या विभागात १० पैकी ८, पाठ्यपुस्तकातील दोन उताऱ्यांत २० पैकी १४ आणि कवितांत १० पैकी ६ गुण आहेत. पत्र व संवाद यांत १० पैकी ६, माहितीचे रूपांतर व बातमी यांत १० पैकी ४, भाषांतरात ५ पैकी १ अशी पुढची स्थिती आहे. सर्वांत मोठे भगदाड अपठित उताऱ्यात पडले आहे. सारांशलेखनासह १५ गुणांचा तो प्रश्न आणि मिळाले ५.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की तो उतारा तिला समजला होता. सुगरण पक्ष्याच्या घरट्याविषयीचा उतारा होता आणि मी विचारल्यावर तिने त्यातील बहुतेक वाक्यांचा अर्थ मराठीत बरोबर सांगितला. तरीही ‘घरटे कोण विणतो?’ या सरळ प्रश्नाला तिने ‘मादी’ असे उत्तर लिहिले होते. उताऱ्याच्या पहिल्याच वाक्यात घरटे नर विणतो असे स्पष्ट लिहिले आहे. धायरीकडे आमच्या ओळखीच्यांच्या विहिरीवर बाभूळ आहे, तिच्यावर अशी घरटी तिने लहानपणापासून पाहिलेली आहेत, आणि मराठीत त्या पक्ष्याला आपण ‘ती सुगरण’ असेच म्हणतो. बाईसाहेबांनी उतारा वाचला खरा, पण उत्तर मात्र विहिरीवरच्या बाभळीवरून काढून आणले.

परीक्षेला आता थोडेच आठवडे उरले आहेत. पाठांतर वाढवावे, शिकवणी लावावी की आणखी काही करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पेठेतील शिक्षिका

नमस्कार ताई. गेली अनेक वर्षे मी मराठी माध्यमाच्या मुलांना नववी-दहावीचे इंग्रजी शिकवते. आपण मांडलेला हिशेब वाचून पहिली गोष्ट ही सांगावीशी वाटते की या मुलीला व्याकरणात ८ गुण आहेत, म्हणजे तिचे इंग्रजी कच्चे नाही. ती प्रश्नाच्या शब्दांकडे आणि उताऱ्याच्या शब्दांकडे पुरेसे पाहत नाही, एवढाच आजार आहे आणि तो थोड्या आठवड्यांत बरा होण्यासारखा आहे. नवी शिकवणी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकवणीला जाण्यायेण्यात जाणारा तासही आता महाग आहे.

उताऱ्याखालच्या पाच कृतींची रचना ठरलेली असते. ए १ मध्ये उताऱ्यात थेट दिलेली माहिती शोधायची असते, ए २ मध्ये तीच माहिती जरा जुळवून किंवा कारण लावून लिहायची असते, ए ३ शब्दसंपत्तीवर, ए ४ व्याकरणावर आणि ए ५ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मतावर असते. प्रत्येकी २ गुण. यांपैकी पहिल्या चार कृतींची उत्तरे उताऱ्याच्या चौकटीतच असतात. परीक्षकाला तुमचे पक्षिज्ञान तपासायचे नसते. उद्या उताऱ्यात एखादी गोष्ट आपल्या माहितीपेक्षा वेगळी दिलेली असली, तरी पहिल्या चार कृतींपुरते उताऱ्याचे म्हणणे प्रमाण मानायचे आणि आपले म्हणणे ए ५ साठी राखून ठेवायचे. मी वर्गात मुलांना उत्तर लिहिण्याआधी उताऱ्यातील त्या ओळीवर डाव्या हाताचे बोट ठेवायला लावते. बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर ते उत्तर डोक्यातून आले आहे असे समजावे.

आपल्या लेकीच्या चुकीचे आणखी एक कारण असू शकते आणि ते केवळ मराठी मुलांनाच छळते. इंग्रजीतील ‘ही’ म्हणजे तो, आणि आपली ‘ही’ म्हणजे हिच्याकडे बोट दाखवून म्हटलेली ही. त्यातून पक्ष्याचे नाव मराठीत स्त्रीलिंगी. वाचताना सर्वनामे जरा थांबून वाचण्याची सवय लावा. ‘ही’, ‘इट’, ‘दे’ हे शब्द कोणासाठी आले आहेत ते पेन्सिलीने बाण काढून जोडायला सांगा. सरावातच काढायचे हे बाण चार-पाच उताऱ्यांनंतर डोळ्यांनाच आपोआप दिसू लागतात.

हिशेबी काका

मी शिक्षक नाही, परंतु दोन मुलांना दहावीतून पार केले आहे, त्या अधिकारावर लिहितो. एवढ्या उशिरा वाचनकौशल्य वगैरे घडवण्याच्या भानगडीत पडू नये. अप्पा बळवंत चौकात जावे, दोन चांगले प्रश्नसंच आणावेत, त्यांतील दहा पत्रे, पाच बातम्या आणि पाच भाषणे घोटून पाठ करून घ्यावीत. माझ्या धाकट्याने उताऱ्याच्या बाबतीत एक युक्ती केली होती: आधी प्रश्न वाचायचे, मग प्रश्नातील शब्द उताऱ्यात जिथे दिसेल तिथली ओळ उचलायची. वेळही वाचतो आणि गुणही मिळतात.

निवृत्त परीक्षक

हिशेबी काकांच्या अनुभवाचा मान राखून थोडा मतभेद नोंदवतो. मी बरीच वर्षे शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत आणि प्रश्नातील शब्द उताऱ्यात दिसताच ती ओळ उचलणारा विद्यार्थी परीक्षकाला लांबूनच ओळखता येतो. ए १ मध्ये ही युक्ती चालून जाते. ए २ मध्ये मात्र ती हमखास तोंडघशी पाडते, कारण तिथला प्रश्न मुद्दामच उताऱ्याच्या शब्दांपासून दूर नेलेला असतो.

सुगरणीचेच उदाहरण घेऊ. समजा, उताऱ्यात असे आहे की हा पक्षी बहुधा काटेरी झाडावर, पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला घरटे टांगतो. पुढच्या वाक्यात असे की तिथपर्यंत पोहोचणे सापाला अवघड जाते. आता प्रश्न आला की ‘पक्षी जागेची निवड अशी का करतो?’ उताऱ्यात ‘बिकॉज’ हा शब्द कोठेही नाही आणि ‘निवड’ हाही नाही. शब्द शोधणारा मुलगा पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवतो, म्हणजे प्रश्नच पुन्हा लिहितो. समजून वाचणारा मुलगा दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ हा न लिहिलेला शब्द वाचतो आणि शत्रूपासून संरक्षण हे कारण आपल्या साध्या इंग्रजीत लिहितो. दोन्ही मुलांना शब्दार्थ सारखेच येत असतात.

प्रश्न आधी वाचावेत की उतारा, हा वाद शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर नेहमी रंगतो. माझा अनुभव असा की उतारा प्रथम एकदा, हातात पेन न घेता, शेवटपर्यंत वाचावा. त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. अडलेल्या शब्दावर थांबू नये. नंतर प्रश्न वाचावेत आणि मग उताऱ्याकडे दुसऱ्यांदा जावे. पहिल्या वाचनात गोष्ट कशाबद्दल आहे ते कळते, दुसऱ्या वाचनात उत्तर कोठे आहे ते कळते. प्रश्न आधी वाचणाऱ्या मुलाला उतारा हा तुकड्यातुकड्यांत दिसतो, आणि पुढे सारांश लिहिताना त्याच्याजवळ तुकडेच उरतात. काकांच्या चिरंजीवांना सारांशात किती गुण होते, हे विचारण्याचा मोह होतो, पण आवरतो.

जाता जाता एक आठवण. २०१९ च्या शालान्त परीक्षेत भाषाविषयांचे शाळेकडून दिले जाणारे २० गुण बंद होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. तोंडी गुणांचा टेकू निघाल्याबरोबर लेखी उत्तरांतील पोकळी किती जणांची उघडी पडली, ते आम्ही तपासणाऱ्यांनी जवळून पाहिले. पुढच्या वर्षापासून ते २० गुण परत आले, पण पोकळी काही त्यांनी भरून निघालेली नाही.

दहावी झालेला

मी गेल्या वर्षी मराठी माध्यमातून दहावी झालो आहे. सरांनी सांगितलेले अगदी पटले. माझी पूर्वपरीक्षेतील चूक वेगळीच होती. ए ३ मध्ये विरुद्धार्थी शब्द उताऱ्यातून शोधून लिहायचे होते आणि मी ते माझ्या डोक्यातून लिहिले. शब्द बरोबर होते, पण उताऱ्यात नव्हते, म्हणून गुण मिळाले नाहीत. शिवाय एक आकृती अर्धी उतरवून तिच्यात फक्त उत्तरे भरली होती. आकृती पूर्ण काढूनच उत्तर लिहायचे असते, हे सूचनांमध्ये लिहिलेले होते आणि सूचना मी वाचल्या नव्हत्या.

ए ५ बद्दलही एक सांगतो. आमच्या वर्गात बहुतेकांचे उत्तर ‘येस, आय लाइक इट व्हेरी मच, इट इज व्हेरी नाइस’ एवढेच असे. बाईंनी आम्हाला सवय लावली की पहिल्या वाक्यात मत, दुसऱ्यात कारण आणि नंतरच्या एकदोन वाक्यांत स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट. पाणी वाचवण्यावर प्रश्न आला तेव्हा मी आमच्या सोसायटीत टँकर येतो त्या दिवशी आजी भाजी धुतलेले पाणी तुळशीला कसे घालते, ते तीन सोप्या वाक्यांत लिहिले. अवघड शब्द एकही नव्हता. पूर्ण गुण मिळाले होते.

मुठेकाठची आई

सर्वांचे आभार. विहिरीवरची बाभूळ ए ५ साठी राखून ठेवायची, हे लेकीला फार आवडले आणि तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेही आहे. आता सारांशाबद्दल विचारते. तिने उताऱ्यातील पहिली चार वाक्ये जशीच्या तशी उतरवली आणि शेवटी एक पूर्णविराम दिला. मी रागावले तेव्हा तिने विचारले, ‘आई, सगळीच वाक्ये महत्त्वाची असतील तर मी कोणती गाळू?’ मला उत्तर देता आले नाही.

पेठेतील शिक्षिका

प्रश्न उत्तम आहे. सारांशाबद्दल सविस्तर लिहिते, कारण पाच गुणांची ही कृती मुले सर्वांत अधिक वाया घालवतात.

कोणते वाक्य गाळावे हे उताऱ्याकडे पाहत ठरवता येत नाही. छापलेले वाक्य डोळ्यांसमोर असेपर्यंत ते महत्त्वाचेच वाटत राहते. म्हणून उतारा दोनदा वाचून झाल्यावर त्यावर वही ठेवून तो झाकावा आणि तो न वाचलेल्या मैत्रिणीला तीन-चार वाक्यांत काय सांगशील, असे स्वतःला विचारावे. मैत्रिणीला कोणी गवताच्या पात्यांची लांबी सांगत बसत नाही. जे आपोआप आठवते ते बहुधा सारांशाचे असते आणि जे आठवत नाही ते बहुधा तपशिलाचे.

माझ्या वर्गातील एका मुलाने सुगरणीच्याच एका उताऱ्यावर प्रथम मराठीत सांगितलेली गोष्ट अशी होती: ‘नर गवताच्या पात्यांनी घरटे विणतो. ते अर्धे झाले की माद्या येऊन बघतात. एखादीला पसंत पडले तरच तो पुढची नळी पूर्ण करतो. मग ती अंडी घालते आणि तो दुसरे घरटे विणायला घेतो.’ झाला सारांश. आता राहिले ते एवढेच की याच चार वाक्यांना इंग्रजीत उतरवायचे, आणि त्यासाठी लागणारे शब्द उताऱ्यात तयार असतात. शब्द उताऱ्यातले घ्यावेत, वाक्ये मात्र आपली असावीत. लांबी मूळ उताऱ्याच्या साधारण एकतृतीयांश धरावी, उदाहरणे, आकडे आणि विशेषणे गाळावीत, सगळे एकाच परिच्छेदात लिहावे आणि योग्य शीर्षक द्यावे. शीर्षकासाठी मुले केवळ ‘द बर्ड’ असे लिहितात. ते आकाशातील कोणत्याही पक्ष्याला चालेल. ‘हाऊ अ बाया बिल्ड्स’ (‘बाया’ हे सुगरणीचे इंग्रजी नाव) असे काही लिहिले की परीक्षकाला कळते की मूल उताऱ्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचले आहे.

सारांशात स्वतःचे मत, उपदेश किंवा उताऱ्यात नसलेली माहिती घालू नये. ‘म्हणून आपण पक्ष्यांचे रक्षण केले पाहिजे’ या वाक्याने सारांश संपवण्याची मुलांना भारी हौस असते. उताऱ्यात ते नसेल, तर ते वाक्य तिथे उपरे आहे.

कोथरूडकर अनुवादक

धागा आवडीने वाचत होतो. एका बाबतीत शंका आहे. आधी मराठीत सांगायचे आणि मग इंग्रजीत आणायचे, या पद्धतीने मुले मराठीचा सांगाडा इंग्रजीत घेऊन जातात, असा माझा अनुभव आहे. ‘माझे डोके दुखते’ याचे ‘माय हेड इज पेनिंग’ होते ते याच वाटेने. मुलांनी इंग्रजीतच विचार करावा, असे सांगणे अधिक योग्य ठरणार नाही का?

पेठेतील शिक्षिका

सहा महिने हाती असते तर मीही तेच सांगितले असते. मराठीत सांगायचा आहे तो आशय, वाक्य नव्हे; हा फरक मुलांना एकदा दाखवून दिला की त्यांना कळतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येते, म्हणून मी मुलांना इंग्रजी वाक्य सुरू करण्यापूर्वी ‘कोण’ आणि ‘काय करतो’ हे दोनच शब्द आधी कागदावर ठेवायला सांगते: ‘द मेल वीव्ह्ज’. मग उरलेले ‘कशाने, कोठे, केव्हा’ मागाहून जोडायचे. या दोन शब्दांच्या खुंटीवर वाक्य टांगले की मराठीचा सांगाडा बराचसा गळून पडतो. लांब वाक्यांच्या वाटेला जाऊ नये. आठ-दहा शब्दांची शुद्ध वाक्ये परीक्षकाला आवडतात, कारण ती त्याला थांबवत नाहीत.

आपण अनुवादक आहात म्हणून भाषांतराच्या शेवटच्या पाच गुणांविषयी आपणच दोन शब्द लिहावेत.

कोथरूडकर अनुवादक

मान्य. तिथे तर हा धोका उलट्या दिशेने येतो. दोन गुण सुट्या शब्दांना, दोन वाक्यांना आणि एक म्हणीला किंवा वाक्प्रचाराला असतो. वाक्याचे भाषांतर केल्यावर ते मोठ्याने वाचावे, म्हणजे परीक्षेत मनात वाचावे. आपली आजी असे बोलेल का, एवढीच कसोटी पुरे. म्हणीच्या बाबतीत मुले एकेका शब्दाचा अर्थ लावत बसतात. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ याचे ‘रिकामी भांडी जास्त आवाज करतात’ असे करण्यापेक्षा ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असे लिहावे. घरात म्हणी वापरणारे मोठे माणूस असेल, तर रोज जेवताना दोन इंग्रजी म्हणी त्यांच्यापुढे टाकाव्यात आणि मराठी जोड विचारावी. अवघ्या एका गुणासाठी एवढा उद्योग कशाला, असे कोणी म्हणेल, पण जेवण तरी रंगते.

निवृत्त परीक्षक

आता लेखनकौशल्याबद्दल. हिशेबी काकांनी दहा पत्रे पाठ करायला सांगितली आहेत. पत्राचा आराखडा, म्हणजे पत्ता, दिनांक, विषय, मायना आणि शेवट, हा जरूर पाठ असावा. त्याला विचार लागत नाही. मजकूर मात्र पाठ करू नये. सोसायटीच्या आवारात जलवाहिनी फुटून आठवडाभर पाणी वाहत असल्याची तक्रार करायची होती, तेव्हा एका विद्यार्थ्याने संबंधित अधिकाऱ्याला आधी उत्तम आरोग्य चिंतिले होते, नंतर घरातील सर्वांची ख्यालीखुशाली विचारली होती आणि पाण्याचा उल्लेख सातव्या ओळीत केला होता. पाठ केलेले अनौपचारिक पत्र औपचारिक पत्रावर चढून बसले होते. तक्रारीच्या पत्रात पहिल्याच वाक्यात काय, कोठे आणि कधीपासून हे यावे, दुसऱ्या परिच्छेदात त्याने होणारा त्रास आणि तिसऱ्यात नेमकी मागणी. प्रश्नात जे मुद्दे दिलेले असतात, ते दिलेले भांडवल असते. त्यांतील एकही गाळू नये, आणि प्रत्येकाला स्वतःचा एखादा तपशील जोडावा. सही प्रश्नात दिलेल्या नावानेच करावी. स्वतःचे किंवा शाळेचे नाव उत्तरपत्रिकेत कोठेही येऊ देऊ नये.

संवादाचा प्रश्न तीन भागांत असतो: विस्कळीत वाक्ये क्रमाने लावणे, अपुरा संवाद पूर्ण करणे आणि किमान तीन अर्थपूर्ण देवाणघेवाणींचा संवाद लिहिणे. या तिसऱ्या भागाला ३ गुण आहेत आणि त्यातील ‘अर्थपूर्ण’ हा शब्द कोणी वाचत नाही. ‘हाय’, ‘हाय, हाऊ आर यू’, ‘आय ॲम फाइन, थँक यू’ यात विद्यार्थ्याच्या दृष्टीने अर्धा संवाद झालेला असतो आणि परीक्षकाच्या दृष्टीने अजून सुरूच झालेला नसतो. विषय वाचनालयाचे महत्त्व असा असेल, तर पहिल्याच वाक्यात वाचनालय आले पाहिजे.

बातमीत मथळा, ठिकाण आणि दिनांक यांच्यानंतरच्या पहिल्या वाक्यात कोणी, काय, कोठे, केव्हा हे सांगून टाकावे. वेताळ टेकडीवर शाळेने झाडे लावली अशी बातमी असेल, तर मुले ‘इट वॉज अ सनी मॉर्निंग’ अशी सुरुवात करतात. ती गोष्टीची सुरुवात झाली. बातमीत ‘आय’ आणि ‘वी’ नसतात, क्रियापदे भूतकाळी असतात. गोष्ट लिहायची असेल तर मात्र ती सकाळ खुशाल सोनेरी होऊ द्यावी.

माहितीच्या रूपांतरात तक्त्यातील प्रत्येक नोंद वाक्यात आली पाहिजे, आणि परिच्छेदावरून तक्ता करायचा असेल तर तक्त्यात पूर्ण वाक्ये लिहू नयेत. याहून अधिक त्यात काही नाही. पाच गुणांची इतकी सोपी कृती दुसरी नसावी.

हिशेबी काका

परीक्षक महोदयांना नम्रपणे कळवतो की धाकट्याला सारांशात पाचपैकी दोन होते. काल रात्री जुनी उत्तरपत्रिका माळ्यावरून काढून पाहिली. आराखडा पाठ आणि मजकूर मोकळा, हे मान्य करतो. तरीही एक प्रश्न राहतो. हे सर्व वाचायचे, झाकायचे, मैत्रिणीला सांगायचे, याला तीन तासांत वेळ कोठे आहे?

दहावी झालेला

काका, वेळ आहे. पूर्वी कृतिपत्रिका वाचण्यासाठी सुरुवातीला दहा मिनिटे मिळत असत. २०२३ पासून ती पद्धत बंद होऊन तीच दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळतात. म्हणजे अकरा वाजता सुरू झालेली परीक्षा दोन वाजून दहा मिनिटांनी संपते. मी १९० मिनिटांची विभागणी अशी केली होती: व्याकरणाला २०, पाठ्यपुस्तकातील दोन्ही उताऱ्यांना मिळून ४०, कवितांना २०, सारांशासह अपठित उताऱ्याला ३५, पत्र आणि संवादाला २५, माहितीचे रूपांतर आणि बातमीला २५, भाषांतराला १०. उरलेली १५ मिनिटे तपासणीला. घरी गजर लावून प्रत्येक विभाग वेगळा सोडवला, त्यामुळे कोणता विभाग वेळ खातो ते कळले. माझ्या बाबतीत पत्र खात होते, कारण मी आधी कच्चे लिहून मग पक्के करत होतो.

कवितेच्या रसग्रहणात कवितेचे नाव, कवी, यमकरचना आणि अलंकार हे सांगता येण्यासारखे असते, तिथे पाठांतर चालते. मध्यवर्ती कल्पना मात्र दोन-तीन स्वतःच्या वाक्यांत लिहिली. आणखी एक: प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करावा आणि कृतीचा क्रमांक कृतिपत्रिकेत आहे तसाच लिहावा. मी पूर्वपरीक्षेत ए २ च्या जागी बी २ लिहिले होते आणि बाईंनी माझे उत्तर शोधण्यासाठी तीन पाने उलटली, असे त्यांनी वर्गात सर्वांसमोर सांगितले.

पेठेतील शिक्षिका

सरावासाठी वेगळे काही विकत घ्यायची गरज नाही. मंडळाच्या जुन्या कृतिपत्रिका आणि बालभारतीचे २०१८ पासून चालू असलेले ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ एवढे पुरे. आठवड्याला तीन अपठित उतारे सोडवावेत, अधिक नकोत. सोडवलेल्या उताऱ्याची चूक कोणत्या कृतीत झाली आणि कोणत्या ओळीवर बोट ठेवायला हवे होते, हे त्याच दिवशी लाल पेनाने लिहावे. ते लाल शेरे वाचणे हीच परीक्षेच्या आदल्या दिवशीची उजळणी समजावी.

मुठेकाठची आई

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. मधल्या काळात लेकीने नऊ अपठित उतारे सोडवले. काल तिला पूर्वपरीक्षेतील सुगरणीचा उतारा मुद्दाम पुन्हा दिला. तिने तो दोनदा वाचला, त्यावर भूगोलाची वही ठेवली, खिडकीतून बाहेर बघत ओठ हलवले आणि पाच वाक्यांचा सारांश लिहिला. शीर्षकही चांगले दिले होते. तिसऱ्या वाक्यात मात्र तिने पुन्हा एकदा ‘शी’ लिहिले, लिहितालिहिता थांबली, उताऱ्यावरची वही बाजूला केली, पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि मग तो शब्द एका आडव्या रेघेने खोडून वर ‘ही’ लिहिले. पूर्वपरीक्षेच्याच निकषांनी मी या प्रश्नाला १५ पैकी १२ गुण दिले आहेत. आई असल्यामुळे एखादा अधिक पडला असण्याची शक्यता आहे.

भाषांतराच्या म्हणी आजोबांकडे सोपवल्या आहेत आणि त्यामुळे आमची जेवणे तासभर चालतात. संवादाची अडचण अजून सुटलेली नाही. काल वाचनालयावरील संवादात दोघी मैत्रिणींनी एकमेकींना ‘हाऊ आर यू’ विचारलेच. विचारल्यावर म्हणाली, ‘आई, न विचारता एकदम वाचनालयावर बोलायला लागणे बरे दिसत नाही.’ शिक्षिकाताईंनी यावर काही उपाय सुचवावा.

पेठेतील शिक्षिका

त्या दोघींची भेट वाचनालयाच्या दारातच घडवा आणि एकीच्या हातात परत करायचे पुस्तक द्या. मग पहिला प्रश्न प्रकृतीचा विचारला जाणार नाही, पुस्तकाचाच विचारला जाईल.

मुठेकाठची आई

करून पाहते. आज संध्याकाळीच बसतो.